चेनमधली छोटी नळी

सायकलची चेन उतरली की आपण हात काळे करून ती चढवतो आणि विसरून जातो. तिच्या आत काय आहे, हे कोण पाहतो?

चेनने यंत्र फिरवण्याची कल्पना जुनी आहे. चीनमध्ये अकराव्या शतकात सू सुंग याने कैफेंग येथे उभारलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यात चेन होती. अडचण होती ती टिकण्याची. इंग्लंडात जेम्स स्लेटर गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवी. पण ओढीचा सारा भार पट्टीच्या पातळ कडेवर येई आणि खिळा लवकर झिजे. १८७९ साली स्वित्झर्लंडहून आलेल्या हान्स रेनॉल्ड याने स्लेटरचा धंदा विकत घेतला. पुढच्याच वर्षी त्याने दोन पट्ट्यांमध्ये एक पोकळ नळी बसवली. तिलाच बुश म्हणतात. भार नळीच्या पूर्ण रुंदीवर पसरला. एवढीच सुधारणा!

१८८५ साली स्टार्लीच्या रोव्हर सायकलीने मागचे चाक चेनने फिरवले. पेडल एकदा मारले, पुढे ४८ दाते आणि मागे १६, तर चाक तीनदा फिरते. मग उंच चाकावर चढून डोके फोडून घेण्याची गरज उरली नाही. स्त्रियांनाही सायकल जवळची झाली.

मोटारसायकलीत आजही हीच रचना आहे. ‘चेन लांबली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. खिळे आणि बुश झिजतात. अशी चेन दातेही खाते, म्हणून ती वेळेवर बदलावी. नाहीतर चकत्यांचाही खर्च येतो.