जुना संगणक : पळवावा की टिकवावा?

विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि धडधाकट चालणारे असंख्य संगणक कागदोपत्री निवृत्त झाले. कचेऱ्यांतून बाहेर पडलेली अशी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात आणि तेथून, नवे यंत्र ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी जातात. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याला हा बाजार दुर्गमही राहिलेला नाही. पंधरा-सतरा वर्षांपूर्वीचा, चार गाभ्यांचा प्रोसेसर असलेला संगणक हाती आला आणि तो संथ वाटला, की कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे त्याचा वेग रेटण्याचा मोह होतो. ‘ओव्हरक्लॉकिंग’ नावाचा हा उद्योग पोरखेळ म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. मात्र त्यातून काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा विवेक डहाणूसारख्या तालुक्यात मुंबईपेक्षा अधिक लागतो.

मुळात चार गाभे आले तेच वेग वाढवणे परवडेनासे झाले म्हणून. वाढत्या उष्णतेपुढे हात टेकून इंटेलने २००४ मध्ये पेंटियम ४ च्या नियोजित वारसदाराचा नाद सोडला आणि एकच गाभा पळवण्याऐवजी अनेक गाभ्यांत काम वाटून देण्याचा मार्ग धरला. जानेवारी २००७ मध्ये आलेला ‘कोअर २ क्वाड क्यू ६६००’ हा या वळणावरचा सर्वांत लोकप्रिय प्रोसेसर. मदरबोर्डाकडून मिळणारा २६६ मेगाहर्ट्झचा ठेका नऊपट करून तो २.४ गिगाहर्ट्झचा वेग गाठतो. ठेका ४०० केला की वेग ३.६ वर जातो. पण त्यासाठी बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही. दाब १.२५ वरून १.४५ व्होल्टवर नेला, तर दीडपट वेगासाठी सुमारे दुप्पट उष्णता सोसावी लागते. दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असा हा हिशेब आहे.

मदरबोर्डाच्या लहरी हा या विद्येचा खरा रसाळ भाग. प्रोसेसरच्या तळाशी असलेल्या एका विशिष्ट संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा कपटा लावला, तर बोर्डाची फसगत होते आणि तो २६६ ऐवजी ३३३ चा ठेका देऊ लागतो. वेग थेट ३ गिगाहर्ट्झ. काही बोर्ड एका ठेक्यावर सुरूच होत नाहीत, परंतु त्याहून वरच्या ठेक्यावर बिनतक्रार चालतात. भार पडताच प्रोसेसरला मिळणारा दाब किंचित उतरतो. ही उतरण मुद्दामच ठेवलेली असते, पण ती कमी करण्यासाठी बोर्डावरील रोधावर साध्या शिसपेन्सिलीची रेघ ओढणारेही निघाले. क्यू ६६०० हा वस्तुतः दोन जुळ्या चिप्सची एका आवरणात बांधलेली मोट. त्यांचे आपसांतले बोलणेही बोर्डाच्या मार्गिकेवरूनच होते. म्हणून हा चौकडा दोन गाभ्यांच्या भावंडापेक्षा लवकर अडतो. ही सारी माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने नव्हे, तर हौशी मंडळींनी यंत्रे बंद पाडून मिळवली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

त्यांतील टोकाचे हौशी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन प्रोसेसरवर ओततात. अतिथंडीत इंटेलचे त्या काळचे अनेक चौकडे गोठून मुके होत. २००९ मध्ये आलेल्या एएमडीच्या फेनम २ ला हा दोष फारसा नव्हता, त्यामुळे द्रवरूप हीलियमच्या साहाय्याने तो साडेसहा गिगाहर्ट्झच्या आसपास नेण्यात आला. असे विक्रम काही क्षणांचे असतात आणि त्यांवर कोणी पत्र टंकलिखित करत नाही. द्रवरूप नायट्रोजन ग्रामीण भागाला अपरिचित आहे असेही नव्हे. कृत्रिम रेतनासाठी तो पशुवैद्यकीय दवाखान्यांत ठेवलेला असतो. पण तो जनावरांच्या कामी येतो तेच बरे. डहाणूच्या दमट हवेत गोठलेल्या बोर्डावर क्षणात दव धरेल आणि विक्रमाआधी यंत्रच जाईल.

साध्या पंख्यावरची वेगवाढही येथे निर्धोक नाही. खोलीची हवाच तापलेली असली, की पंखा त्याहून थंड काही देऊ शकत नाही. किनाऱ्याची खारी हवा धातूचे सांधे खाते. बोर्डावरील द्रवयुक्त कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्यात विजेचा लपंडाव. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते आणि भोवतालच्या पाड्यांनी वळवाच्या पहिल्या वाऱ्याला कंदील शोधावा, हा विरोधाभास जुनाच आहे. शिवाय नव्या यंत्रांनाही अतिरेक मानवत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर चढ्या दाबामुळे कायमचे बिघडू लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

आणि एवढे करून साधते काय? जुना संगणक रेंगाळतो तो पुष्कळदा फिरत्या डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर जो फरक पडतो तो ३.६ गिगाहर्ट्झनेही पडत नाही. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा क्यू ६६०० ला ठाऊकच नाहीत. वेग कितीही वाढवा, त्या येणार नाहीत. लिनक्स मात्र अशा यंत्रावर आजही चालते.

तेव्हा हौशींची विद्या घ्यावी, पण उलट दिशेने वापरावी. वेग २.४ च ठेवून दाब १.२५ वरून १.१ व्होल्टवर उतरवता आला, तर चलनातून निर्माण होणारी उष्णता जवळजवळ पावपट घटते. प्रत्येक चिप हे सोसेल असे नाही आणि कचेऱ्यांसाठी बनवलेले अनेक बोर्ड तशी मुभाही देत नाहीत. कोणता देतो आणि कोणता नाही, हे शोधणे हाच विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रयोग ठरेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर बिया, शिंपले, दगडगोटे यांतून शैक्षणिक साधने घडवली. महागड्या आयात साधनांची वाट पाहिली नाही. मोडीत निघालेला मदरबोर्ड हा आजचा तसाच दगडगोटा आहे.

डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आपल्या आश्रमशाळांपैकी दोन-चार निवडून, सरकारी कचेऱ्यांतून बाद झालेली यंत्रे तेथे उघडी करून ठेवली, तर खर्च नगण्य येईल. प्रथम धूळ झाडावी, वाळलेला उष्णतावाहक लेप बदलावा, मग दाब एकेक पायरी उतरवत तापमान वहीत टिपावे. ही वही मे महिन्याच्या दुपारी, शाळा बंद असतानाही, कोणीतरी भरली पाहिजे. कारण यंत्राची खरी परीक्षा त्याच महिन्यात होते.