पाय कधी फुटणार?

लेक चौदा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. संक्रांतीनंतर जावेकडे तिच्या मुलाचं बोरन्हाण होतं. शेजारपाजारची पाच-सहा मुलं जमवली होती. बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे डोक्यावरून ओतले आणि सगळी मुलं वेचायला धावली. माझी लेक मात्र पाटापाशीच बसून राहिली. हात लांब करून हाताला लागेल ते बोर पकडायची आणि खुदकन हसायची. ती खुशीत होती. खुशीत नव्हतो ते आम्ही मोठे.

"अगं, हिला अजून पाय फुटले नाहीत?" एका आत्याबाईंनी विचारलं. प्रश्न मला होता, पण उत्तरं इतरांनीच दिली. आई दिवसभर कॉलेजात, पोर पाळणाघरात, मग दुसरं काय होणार? तेल लावायला येणाऱ्या मावशींना तीन महिन्यांतच बंद केलं ना! अंगावरचं दूध लवकर तोडलं असेल. मधेच सासूबाई म्हणाल्या, "हिचा बापही दीड वर्षाचा होईपर्यंत चालत नव्हता," आणि सगळे हसले. बाप तिथेच बसून तिळाची वडी खात होता. तो उशिरा चालला ही घरातली गंमत होती. लेक उशिरा चालते हा मात्र आईचा निष्काळजीपणा ठरला.

स्त्री चळवळीत इतकी वर्षं काढलेली मी, त्या रात्री मात्र लेकीला भिंतीशी उभं करून हात सोडून पाहत होते. ती मटकन बसायची. मी पुन्हा उभं करायची. शेवटी ती रडायला लागली तेव्हा मी भानावर आले. दुसऱ्या दिवशी जाऊन चाकांचा प्लॅस्टिकचा वॉकर घेऊन आले, तोही कुणाला न सांगता.

मुलांच्या डॉक्टरांनी तो वॉकर आधी बाजूला ठेवायला सांगितला. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा मूल उभं राहून ढकलतं, तोल स्वतः सांभाळतं. वॉकरमध्ये ते नुसतं लोंबकळतं. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा, चुलीपाशी पोचण्याचा धोका वाढतो. कॅनडाने तर २००४ सालीच या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. मग त्यांनी लेकीला जमिनीवर सोडलं. ती कशी रांगते, खुर्चीला धरून कशी उठते, दोन्ही हातांनी वस्तू उचलते का, हाक मारली की वळते का, हे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "दीड वर्षापर्यंत वाट पाहू. नाही चालली तर मात्र नक्की या."

त्यांनी मला जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली निरोगी मुलं त्यात पाहिली होती. आधाराशिवाय चालण्याचं वय निघालं सव्वाआठ महिन्यांच्या आसपासपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत! म्हणजे दोन अगदी निरोगी मुलांमध्ये नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं. काही मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि एक दिवस उभी राहतात. निसर्गाने इतकी मोकळीक ठेवली आहे, आणि आपण मात्र पहिल्या वाढदिवसाला पहिलं पाऊल पडलंच पाहिजे असा हट्ट धरतो.

माझी लेक साडेसोळा महिन्यांची असताना, पाडव्याच्या आदल्या दिवशी चालली. स्वयंपाकघरातून निघाली आणि दिवाणाला जाऊन धडकली.

इथपर्यंतची गोष्ट मी अनेक सभांमध्ये सांगितली आहे. मूल कधी बसलं, कधी रांगलं, कधी चाललं ही आईची परीक्षा कशी होते, तिच्या नोकरीचा, तिच्या दुधाचा, तिच्या मालिशीचा हिशोब कसा मागितला जातो, हे सांगितलं की बायका माना डोलावतात. प्रत्येकीकडे आपली एक आत्याबाई असतेच. 'काळजीचं ओझं झुगारून द्या' असं म्हणून मी भाषण संपवत असे. ते भाषण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते आहे, कारण त्यात चूक माझी आहे.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात विडी कामगार बायकांचा आमचा एक गट आहे. त्यातल्या एका मैत्रिणीला मी इथे नुसतं अक्का म्हणते. तिकडे सगळ्या एकमेकींना तसंच म्हणतात. सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या, पानं-तंबाखू घेऊन यायचं, पानं भिजवायची, कापायची, आणि मग मांडीवर सूप घेऊन रात्रीपर्यंत वळत राहायचं. तिची तिसरी मुलगी शेजारी झोळीत असायची.

एका बैठकीत मी माझ्या लेकीची गोष्ट सांगून झाल्यावर अक्का म्हणाली, "ताई, माझी तेरा महिन्यांची झाली. धरून पण उभी राहत न्हाई. आणि उजव्या हातात बिस्कीट दिलं तर डाव्यानं काढून घेती."

मी म्हणाले, "अक्का, माझी साडेसोळा महिन्यांना चालली. घाबरू नका. मुलं आपल्या वेळेने चालतात."

बायका हसल्या. अक्काही हसली. बैठक पुढे रेशनच्या प्रश्नाकडे वळली.

तिचं दुसरं वाक्य मी ऐकलंच नव्हतं. म्हणजे कानावर पडलं होतं, पण माझी गोष्ट इतकी चांगली जमली होती, की त्यात बसणारं तेवढंच मी ऐकलं.

पुढे आठ महिन्यांनी वस्तीतल्या अंगणवाडीत शाळा-अंगणवाड्यांची तपासणी करणारं सरकारी पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी मुलीच्या उजव्या बाजूने खुळखुळा पुढे केला. तिने अंग वळवून डावा हात पुढे केला. उजवी मूठ मिटलेलीच राहिली. त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून पुढे पाठवलं. निदान झालं सेरेब्रल पाल्सीचं. जन्माच्या आधी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती, म्हणून उजवा हात आणि उजवा पाय ताठ राहत होते.

मी भेटायला गेले तेव्हा अक्का विड्या वळत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला होता ना काळजी करू नका, म्हणून मी थांबले."

मैत्रिणींनो, या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. ते आठ महिने वाया गेले नसते तर मुलगी पूर्ण बरी झाली असती, असं नाही. सेरेब्रल पाल्सीतली इजा पुसून टाकता येत नाही. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू फार वेगाने घडत असतो. त्या काळात मिटलेली मूठ उघडायला, ताठ पाय सैल ठेवायला, दुबळा हात खेळात ओढून आणायला शिकवलं तर मुलाच्या पुढच्या आयुष्यात फरक पडतो. तो काळ त्या मुलीच्या हक्काचा होता, आणि त्यातले आठ महिने माझ्या एका दिलाशाने खाल्ले.

आपण आईवरचा दोष नाकारतो, ते बरोबरच आहे. पण दोष आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्याबाई मला म्हणत होत्या, "तुझ्यामुळे झालं." मी अक्काला म्हणाले, "काही झालेलं नाही." वरवर ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. परिणाम मात्र एकच. दोन्हींत आईचं बोलणं तिथेच संपतं. तिने काय पाहिलं, हे कुणी विचारत नाही. दिवसभर मुलाला कडेवर घेणारी, त्याला भरवणारी, त्याचे कपडे बदलणारी बाई काहीतरी बघत असते. एका बाहीत हात घालताना जड जातं, लंगोट बांधताना पाय फाकत नाहीत, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. तिला 'वेडी काळजी' म्हणून गप्प करणं, मग ते सासूने केलं काय किंवा कार्यकर्तीने केलं काय, सारखंच.

शिवाय माझी काळजी आणि अक्काची काळजी यांची किंमत सारखी नव्हती. मला काळजी वाटली तेव्हा मी रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले, त्यांनी वीस मिनिटं दिली. "वाट पाहू" हे वाक्य मला तपासणीनंतर मिळालं. अक्काला तेच वाक्य माझ्याकडून तपासणीशिवाय मिळालं. दवाखाना म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी. आणि तिसऱ्या मुलीपायी कोण मजुरी बुडवू देणार?

निदान झाल्यावरही दोष सुटला नाही. "झोळीत टाकून विड्या वळत बसायची, म्हणून पोर अशी झाली," असं सासरी ठरलं. झोळीने मेंदूला अशी इजा होत नाही, हे त्या घरी जाऊन सांगायला कुणीच गेलं नाही. आम्ही गेलो, तेही उशिरा. आणि झोळी कुणी टांगली? १९६६च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद केली होती, ती कारखान्यात बसून काम करणाऱ्यांसाठी. पण विड्या वळायला दिल्या घरी. मग घरच कारखाना झालं आणि घरच पाळणाघर.

उपचारांचं पाहा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिवसातून चार वेळा करायचे व्यायाम दाखवले. "आईने घरी करून घ्यायचे," असं कागदावर लिहून दिलं. आईने! बाप शेजारीच उभा होता. चार वेळचे व्यायाम म्हणजे तितक्या विड्या कमी. तो हिशोब कुणाच्या कागदावर नव्हता. आमच्या गटाने मग एवढंच केलं, की बापाला बसवून व्यायाम शिकायला लावले. संध्याकाळचे दोन तो करतो. सुरुवातीला लाजायचा, आता मुलगी त्यालाच हाक मारते.

मग आपण करायचं काय?

पहिलं म्हणजे, काय पाहायचं हे आपल्यालाच माहीत हवं. चौथा महिना उलटला तरी मान न धरणं. नऊ-दहा महिन्यांनीही आधाराशिवाय न बसणं. वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर आणि दुसरी मूठ सतत मिटलेली. पाय ताठ किंवा कात्रीसारखे एकमेकांवर येणं. अंग फार सैल असणं. येत असलेली गोष्ट यायची बंद होणं. आणि दीड वर्ष पूर्ण झालं तरी न चालणं. यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, तपासून घ्यायचं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचं वय पहिली दोन वर्षं अपेक्षित तारखेपासून मोजायचं. कारणं अनेक असतात. मुडदूस किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर औषधाने फरक पडतो, पण कुणी बघितलं तरच.

दुसरं, जे आहे ते मागून घ्यायचं. गरोदरपणात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर मुलाच्या वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. किती जणींना ते कुणी समजावून सांगितलं? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मुलांची तपासणी करायची आहे. अंगणवाडीत पथकाने वर्षातून दोनदा यायचं आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. आपल्या वस्तीत पथक शेवटचं कधी आलं, हे विचारा. केंद्रात व्यायाम शिकवणारी व्यक्ती नेमलेली आहे का, तेही विचारा. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा हे तिच्या विरोधात नव्हे, तिला बरोबर घेऊन विचारायचं.

तिसरं मला सर्वांत कठीण वाटतं. "चालेल ना हो?" हा एकच प्रश्न आपण सगळ्या विचारतो. अक्काची मुलगी अडीच वर्षांची झाल्यावर चालायला लागली, पायात पट्टा घालून, थोडी लंगडत. वस्तीने पेढे मागितले. पण ती चालली नसती तर? तिचं शाळेत जाणं, खेळणं, तिच्यावर माया करणं हे पायांवर अवलंबून ठेवायचं का? २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीची नोंद आहे. कायद्याने तिला हक्क दिले, ते ती चालते म्हणून नव्हे. आपल्या बैठकीची जागा मात्र अजून दुसऱ्या मजल्यावर आहे.

आता बैठकीत कुणी म्हणालं, "माझं मूल अजून..." तर मी माझ्या लेकीची गोष्ट सांगत नाही. विचारते, "तुम्ही काय पाहिलं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबते. गेल्या महिन्यात असं विचारलं, तेव्हा माझ्या आधी अक्काच उठली आणि त्या बाईला म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल. मला रस्ता माहीत आहे."

तुमच्या गटात असे अनुभव असतील तर जरूर लिहा.