कृश माणसाचा मेद

आपल्या राज्यकारभारात कुपोषण आणि लठ्ठपणा या दोन विषयांची दफ्तरे निरनिराळ्या खात्यांत ठेवलेली आहेत. कुपोषण म्हटले की महिला व बालविकास खाते, अंगणवाडीतील वजनकाटा, मेळघाट आणि अधिवेशनातील तारांकित प्रश्न. लठ्ठपणा म्हटला की शहरातील सुखवस्तू वर्ग, व्यायामशाळेची वार्षिक वर्गणी आणि अलीकडे आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यावयाची इंजेक्शने. एक दारिद्र्याचा रोग व दुसरा समृद्धीचा, ही वाटणी इतकी स्वयंसिद्ध मानली गेली आहे की, तिच्या मुळाशी काही पुरावा आहे की नुसती वहिवाट, हे तपासून पाहण्याची गरजच कोणास भासत नाही. चरकसंहितेने आठ निंदित देहप्रकार सांगताना अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार निदान एकाच अध्यायात केला होता. आपण तेवढाही शेजार शिल्लक ठेवलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात गेली तीन दशके चाललेल्या संशोधनाने ही वाटणी खोटी ठरविली असूनही तिच्यावर आधारलेला कारभार पूर्ववत चालू आहे, ही माझी तक्रार आहे.

१९९३ साली या रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या ग्रामीण भागातील सहा गावांत एक अभ्यास आरंभिला. शेतात राबणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांची उंची, वजन व इतर मापे गर्भधारणेपूर्वीच नोंदवावयाची, दिवस गेल्यावर त्या काय खातात व किती कष्ट उपसतात याचा तपशील लिहून घ्यावयाचा, आणि मूल जन्मले की लगोलग फीत व चिमटा घेऊन त्याचे दंड, पोट, डोके, लांबी व त्वचेखालील चरबी मोजावयाची, असा तो मोठ्या चिकाटीचा उद्योग होता. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची मुले सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथे त्याच रीतीने मोजलेली मुले ३.५ किलोंची होती. इथवर नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल निघाले ते तपशिलात. दंडाचा घेर व पोटाचा घेर, म्हणजे पर्यायाने स्नायू व यकृतादी अवयव, या बाबतींत आपली मुले इंग्रज मुलांच्या फारच मागे होती. परंतु पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्यात धरलेल्या कातडीची जाडी पाहिली तर हे अंतर पुष्कळच कमी होत होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या बालकाचे वर्णन कृश तरीही मेदयुक्त असे केले गेले. पाहणाऱ्याला जे मूल पाप्याचे पितर वाटावे, त्याच्या देहात मांसाच्या मानाने चरबीचा वाटा जन्मतःच अधिक होता.

याची उपपत्ती इंग्लंडातील डेव्हिड बार्कर यांनी मांडलेल्या विचाराशी जुळते. ओढग्रस्तीच्या संसारातील कर्ती स्त्री जशी आधी धान्य व औषध यांची तजवीज करून घराची डागडुजी पुढल्या साली ढकलते, तशीच गर्भही तुटपुंज्या पुरवठ्यात मेंदूचे पोषण आधी राखतो व स्नायूंची उभारणी मागे टाकतो. रक्तातील साखर खर्ची पडण्याचे मोठे ठिकाण म्हणजे स्नायू; ते जन्मतःच कमी असले, इन्सुलिन निर्माण करणाऱ्या ग्रंथीची उभारणीही जेमतेमच झालेली असली, आणि अशा देहात पुढे सुबत्तेचे अन्न येऊन पडले, तर ती साखर जाणार कोठे? पुण्यातच झालेल्या एका आधीच्या अभ्यासात असे दिसले होते की, जन्मतः कमी वजनाची पण आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरलेली मुले इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतात. अशक्त जन्मलेल्या नातवाला तूपसाखरेने बाळसे चढविण्याचा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा हौसेचा कार्यक्रम आणि केवळ किलोंच्या आकड्यावर समाधान मानणारी अंगणवाडीची नोंदवही, या दोहोंनाही हा निष्कर्ष अडचणीचा आहे. मूल उंचीने व स्नायूने वाढते आहे की नुसते चरबीने, हे वजनकाटा सांगत नाही.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात स्वतः याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता, परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के व याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत ती गाठणे, असे याज्ञिकांनीच मिश्किलपणे नमूद केले होते. शिवाय जन्मवेळी आपले वजन कमी होते, हेही सांगावयास ते विसरले नाहीत. बीएमआय हा आकडा मुळात एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ केटले यांचा. रोग्याची परीक्षा करण्यासाठी तो निघालाच नव्हता. अनेक माणसांच्या समूहाचे सरासरी स्वरूप ठरविणे एवढेच त्याचे प्रयोजन. त्याला आजचे नाव १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिले, आणि पुढे पंचविसाच्या वर अतिभार व तिसाच्या वर लठ्ठपणा ही फर्माने जगभर लागू झाली. आशियाई देहांच्या बाबतीत २३ पासूनच सावध व्हावे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचविले. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपलीकडे जाऊ नये, हे भारतीय वैद्यांनी २००९ साली ठरविले. शिंप्याच्या फितीने होण्यासारखे हे माप किती दवाखान्यांत नेमाने घेतले जाते, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे.

त्या सहा गावांतील मुले पुढे अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ४८ टक्के तरुण-तरुणींचा बीएमआय साडेअठराच्याही खाली, म्हणजे सरकारी व्याख्येने ते कुपोषित होते. आणि तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तशर्करा निरोगी मर्यादेच्या वर गेलेली होती. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. ज्याला एक खाते पोषक आहार द्यावयास निघाले आहे, त्याच्याच अंगी दुसऱ्या खात्याचा रोग मूळ धरू लागला आहे. आणि तो लठ्ठ दिसत नसल्यामुळे त्याची साखर तपासावी असे कोणाच्या मनातही येणार नाही.

या पार्श्वभूमीवर वजन उतरविणाऱ्या सध्याच्या इंजेक्शनांचा गाजावाजा पाहावा. त्या औषधांची मी निंदा करीत नाही. त्यांपैकी सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या परीक्षेत १,९६१ जणांचा समावेश होता व ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले. हृदयविकार असलेल्या १७,६०४ रुग्णांच्या परीक्षेत हृदयविकारजन्य मृत्यू, हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण वीस टक्क्यांनी घटले. वैद्यकाच्या इतिहासात ही सामान्य कामगिरी नव्हे. परंतु पहिल्या परीक्षेत प्रवेशाची अट होती तिसाच्या वर बीएमआय, किंवा एखादी संबंधित व्याधी असल्यास सत्तावीस; आणि घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक श्वेतवर्णी होते. आमच्या सहा गावांतील तरुणाला त्या परीक्षेच्या दारातही कोणी उभे केले नसते. औषध थांबविल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत चढले. शिवाय उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही काही भाग जातो. ज्याच्या देहात स्नायू मुळातच तुटपुंजे, त्याला हा व्यवहार कितपत परवडेल, या प्रश्नाचे उत्तर परदेशातील सरासरीवरून काढता येणार नाही. त्यासाठी येथील देहांवरच परीक्षा व्हावयास हव्यात. स्नायूंचे मोल केवळ दिसण्यापुरते नाही, हे लंडनच्या जेरी मॉरिस यांनी १९५० च्या दशकातच दाखविले होते. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत असे. आणि गणवेशाच्या विजारींच्या कंबरेची मापे मिळवून पाहिल्यावरही, बारीक काय आणि ढेरीवाले काय, कंडक्टरांचे पारडेच जड राहिले.

मग उपाय कोणता? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ साली डॉ. रमेश पोतदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सारस’ नावाचा प्रकल्प सुरू केला. ६,५१३ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एका गटाला पालेभाजी, फळे व दूध यांचा रोजचा एक खाऊ, आणि दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या साध्या जिनसांचा खाऊ, असा तो क्रम होता. एकंदर हिशेबात मुलांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु गर्भारपणीचा मधुमेह साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के, तर चांगल्या खाऊच्या गटात ७.३ टक्केच दिसला; आणि ज्यांनी तो खाऊ गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्ला होता, त्यांची मुले सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरली. पालेभाजीच्या खाऊचे पेटंट कोणास घेता येत नाही, म्हणून अशा परीक्षांसाठी औषध कंपनी पैसा ओतणार नाही. पुण्याच्या त्या सहा गावांच्या अभ्यासाला मोठा आधार मिळाला तो लंडनच्या वेलकम ट्रस्टचा, म्हणजे एका जुन्या औषध कारखानदाराच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या निधीचा. आपल्याच शेतकरणींच्या मुलांची मापे घेण्यासाठी परक्या विश्वस्तांकडे हात पसरावा लागणे, हे आपल्या खजिन्याला भूषणावह नाही. हा खर्च आता राज्याने उचलावा, खाऊच्या परीक्षा जिल्ह्याजिल्ह्यांत व्हाव्यात, आणि त्या विवाहापूर्वीच्या मुलींपासून सुरू व्हाव्यात. कारण निर्णायक ठरलेले ते तीन महिने गर्भधारणेच्या आधीचे आहेत, आणि गर्भारपणाच्या नोंदणीचा दाखला हाती आल्यावर सुरू होणारी कोणतीही योजना तेथपर्यंत पोहोचू शकत नाही.