पापडाचा हिशेब

उन्हं तापायला लागली की लाखनीत कुणाच्याही गच्चीवर नजर टाका, खाटेवर जुनं लुगडं अंथरून तांदळाचे पापड वाळत असतात. भंडारा जिल्हा धानाचा, तेव्हा पापडही तांदळाचेच. शिवाय कुरडया, वड्या आणि पाहुण्यांसाठी आमरसासोबत सरगुंडे. हे सगळं आता बचत गटांतून विकलं जातं आणि मैत्रिणींनो, माल खपतोही. माझं दुखणं वेगळंच आहे.

परवा एका गटाची वही पाहिली. तिघीजणींनी दोन दिवस खपून ८ किलो पापड केले. पहाटे उठून उकड काढायची, गरम असतानाच मळायची, मग लाटणं, वाळवणं. १८० रुपये किलोने १४४० आले. पीठ, पापडखार, जिरं, गॅस, पिशव्या मिळून ६२० गेले. उरलेल्या ८२० पुढे लिहिलेलं, ‘नफा’.

‘‘आणि मजुरी?’’ मी विचारलं.

‘‘घरच्या कामाची का मजुरी धरायची, ताई?’’

हिशेब केला तर एकीला दिवसाचे १३६ रुपये पडले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती ३१२. (मीही दिवाळीचा चिवडा असाच विकलाय, माझ्या वहीतही तो रकाना नव्हता.)

१९५९ साली मुंबईत गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी मिळते, ती किमतीत आधीच धरलेली असते. आपल्याकडे प्रशिक्षणात पाकीट, लेबल, नोंदणी शिकवतात. २०२० च्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद झाली. भांडवल हवंच. पण बाईचा दिवस फुकट धरून ठरवलेल्या भावावर ते किती पुरणार? प्रशिक्षणाचा पहिला तास या हिशेबालाच द्यायला हवा.

आम्ही वहीत मजुरीचा रकाना पाडला आणि भाव २६० केला. तरी रोज २४३ च पडतो. बाजारात पहिली गिऱ्हाईक ओळखीचीच, आपल्यासारखीच घर चालवणारी. म्हणाली, ‘‘एवढे महाग? घरचेच तर आहेत!’’ त्या दिवशी ३ किलो परत आले. पुढच्या बाजारात त्यातले दोन खपले, भाव न पाडता.