२ एकर १६ गुंठे

मागच्या महिन्यात माझे बडे अब्बा, म्हणजे मोठे काका, वारले. शुक्रवारी रात्रीची बस पकडून पुण्याहून निघालो, पहाटे औरंगाबादला उतरलो (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर, पण घरात अजून जुनंच तोंडात बसलंय) आणि तिथून तडक पैठण तालुक्यातलं आमचं गाव गाठलं. जुहरनंतर जनाजा होता. नमाजेच्या आधी अब्बा पुढे आले आणि प्रथेप्रमाणे जमलेल्या लोकांना म्हणाले, "मरहूम पे किसी का कुछ निकलता होगा तो हमारे पास आ जाओ. हम देंगे."

ज्यांना ही प्रथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणाचं देणं राहू नये, याबद्दल इस्लाम फार कडक आहे. हदीसांमध्ये येतं की सुरुवातीच्या काळात कर्ज ठेवून गेलेल्याच्या जनाज्याची नमाज पैगंबर स्वतः पढवत नसत, कुणी त्या कर्जाची हमी घेईपर्यंत. शहीद झालेल्याला सगळं माफ होतं, पण कर्ज नाही, असंही हदीसमध्ये आहे.

कुणीच पुढे आलं नाही. सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. पाच वेळचा नमाजी, हज करून आलेला, कुणाचं एक रुपया देणं नाही... किती पाक माणूस!

ज्या व्यक्तीचं सगळ्यात मोठं येणं होतं, ती तिथे नव्हतीच. माझी फुफू घरात बायकांमध्ये बसून भावासाठी रडत होती. आमच्याकडे बायका जनाज्याला येत नाहीत, त्यामुळे ती घोषणा तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचली असती तरी ती काही बोलली नसती म्हणा.

हिशेब सरळ आहे. दादा, म्हणजे माझे आजोबा, गेले तेव्हा १२ एकर जमीन होती. दादी आधीच गेलेली. वारस तीन: दोन मुलगे, एक मुलगी. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातल्या नियमाप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एकूण वाटे पाच. फुफूचा वाटा २ एकर १६ गुंठे. यासाठी एक्सेलसुद्धा लागत नाही.

पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. दादांचं चाळीसावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात तिला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी तेव्हा शाळेत होतो. येताना तिला साडी घेतली होती, एवढं आठवतंय.

आता मुद्द्यावर येतो. मस्जिदीत, कॉलेजच्या दिवसांत, व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न मी शंभरदा ऐकलाय: माणसाला अल्लाहने कशासाठी जन्माला घातलं? उत्तर पाठ असतं, इबादतसाठी. बरोबर आहे, कुराणात तसं आहेच. पण त्याच कुराणात ६७ व्या सूऱ्याच्या सुरुवातीला दुसरंही एक उत्तर आहे, जे आपण सहसा सांगत नाही. जगणं आणि मरणं निर्माण केलं ते तुमच्यापैकी कुणाचं वागणं सर्वांत चांगलं हे पारखण्यासाठी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आयुष्य ही परीक्षा, आणि तपासलं जाणार ते वागणं.

आमच्या धंद्यातली भाषा वापरायची तर रिक्वायरमेंट स्पष्ट लिहिलेली आहे. आपण मात्र फक्त सोप्या टेस्ट केस चालवतो आणि सगळं हिरवं दाखवून मोकळे होतो. नमाज पढली, टिक. रोजे ठेवले, टिक. दाढी, टिक. जिथे खिशातून काहीतरी जाणार आहे ती केस उघडायचीच नाही.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. पैगंबर सोबत्यांना विचारतात, दिवाळखोर कोण? सोबती म्हणतात, ज्याच्याकडे पैसा नाही तो. पैगंबर सांगतात, नाही. खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिव्या दिलेल्या असतील, कुणाचा माल खाल्लेला असेल. मग त्याची पुण्यं एकेक करून त्या लोकांना दिली जातील. पुण्यं संपली की त्यांची पापं याच्या डोक्यावर येतील. हा प्रसंग मी किमान दहा बयानांत ऐकलाय. एकाही बयानात 'कुणाचा माल' याचं उदाहरण म्हणून सख्ख्या बहिणीची जमीन ऐकली नाही.

गंमत बघा. नमाजेत किती रकाती हे कुराणात मोजून दिलेलं नाही, ते हदीस आणि परंपरेतून कळतं. जकातीची टक्केवारीही तशीच. वारशाचे वाटे मात्र कुराणातच अपूर्णांकांसकट आहेत: अर्धा, पाव, एक अष्टमांश, दोन तृतीयांश. आणि ते सांगून झाल्यावर लगेच, या अल्लाहच्या मर्यादा आहेत, त्या ओलांडणाऱ्याला आग आहे, असं बजावलेलं आहे. इतकं स्पष्ट असूनही आपण ठरवलं की हा भाग ऐच्छिक!

ह्या आयती उतरल्या त्यामागची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. उहुदच्या लढाईत (इ. स. ६२५) साद बिन रबी मारले गेले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. सादची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि म्हणाली, यांच्या काकाने यांच्यासाठी काहीच ठेवलं नाही. आयती उतरल्या. काकाला बोलावून सांगण्यात आलं की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझं. चौदाशे वर्षांपूर्वी पुतण्यांच्या नव्हे, पुतणींच्या हक्कासाठी सख्ख्या काकाला असं सुनावलं गेलं. आणि आमच्याकडे? साडी.

आता नेहमीचे बचाव.

एक: "तिच्या लग्नात खर्च केला ना!" अहो, वारसा बाप मेल्यावर सुरू होतो. लग्नातला खर्च ही बापाने दिलेली भेट. आणि बडे अब्बांच्या वलीम्यात दोन बोकड कापले होते, ते त्यांच्या वाट्यातून वजा झाले का?

दोन: "तिने खुशीने सोडलं." खुशी तपासायची पद्धत सोपी आहे. आधी तिचं नाव सातबाऱ्यावर चढवा, जमीन तिच्या ताब्यात द्या, वर्षभर पीक तिला घेऊ द्या. मग ती परत देते का बघा. हातात न आलेली वस्तू, चार पुरुषांच्या देखत, माहेर तुटेल या भीतीने सोडणं याला मी खुशी म्हणणार नाही. मी फुफूला एकदा विचारलं होतं. ती हसून म्हणाली, "मेरेकू माइका होना बाबा, जमीन नक्को." मला माहेर हवं, जमीन नको. म्हणजे दोन्ही मिळत नाहीत हे तिने गृहीतच धरलेलं. या वाक्यात खुशी कुठे आहे ते मला दाखवा.

तीन, हा सुधारक मित्रांचा: "मुळात अर्धाच वाटा का?" जरूर वाद घालू. बाप जिवंतपणी देणगी देऊन मुलगा-मुलगी समान करू शकतो, त्याला कुणी अडवलेलं नाही. पण आधी तो अर्धा तरी द्या की राव!

चार, हा माझ्या हिंदू मित्रांचा: "तुमच्यात असंच." थांबा. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी हक्कसोडपत्र हा शब्द मला तलाठ्याने नाही, कंपनीतल्या एका देशमुख मित्राने समजावून सांगितला. त्याच्या बहिणीची सही राखीपौर्णिमेच्या आठवड्यात झाली होती. तेव्हा या बाबतीत आपण सगळे एकाच ओळीत उभे आहोत.

आमच्याकडे शरियत वाचवण्यासाठी मोर्चे निघतात. १९८५ मध्ये शाहबानो निकालानंतर निघाले, २०१८ मध्ये तलाकच्या विधेयकाविरुद्ध महाराष्ट्रात ठिकठिकाणी बायकांचे मोर्चे निघाले. ज्या १९३७ च्या शरियत कायद्याचं नाव आपण घेतो, त्याच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा प्रश्न बाजूला ठेवलेला आहे. बहिणींना शेतात वाटा द्या, शरियत इथेही लागू करा, असा मोर्चा मी आजवर पाहिलेला नाही.

मौलाना मौदूदी याच औरंगाबादेत १९०३ मध्ये जन्मले. अल्लाहची सत्ता राज्यकारभारात यायला हवी, हा विचार त्यांनी जगभर नेला. तो मला पटत नाही. पण वारशाच्या आयतींवर लिहिताना मुलींना डावलणाऱ्या मुसलमानांवर त्यांनीही कोरडे ओढलेत. अल्लाहचा कायदा आणायला एवढे उत्सुक असाल तर बारा एकरांवर आणा. त्यासाठी राज्य लागत नाही, तलाठी पुरतो.

आणि खुलदाबाद. आमच्या शहरापासून २५ किलोमीटर. तिथल्या औरंगजेबाच्या कबरीवरून मार्च २०२५ मध्ये राज्य तापलं, नागपुरात दंगल झाली. कबर साधी आहे, वर छत नाही. स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या पैशातून आपलं दफन करावं अशी बादशहाची इच्छा होती, ही गोष्ट तिथे हमखास ऐकायला मिळते. लहानपणी ती ऐकून मी भारावलो होतो. मोठा झाल्यावर बाकीचा हिशेब वाचला. बापाला १६५८ पासून मरेपर्यंत, १६६६ पर्यंत, आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. भाऊ दारा १६५९ मध्ये मारला, मुराद १६६१ मध्ये. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं. टोप्यांचा हिशेब चोख, माणसांचा असा. कबर ठेवायची की नाही यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ती कबर काय शिकवते हे दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. आम्ही नमाजी लोक आपापल्या घरात, लहान प्रमाणात, तेच करतो. टोप्यांचा हिशेब देतो, भावंडांचा गिळतो.

'आम्ही' म्हटलं, कारण यात मीही आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी अब्बांनी दोन एकर विकले होते. म्हणजे डिग्रीचा काही भाग फुफूचा आहे. हे मी दफनानंतर तिसऱ्या दिवशी अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उसने साइन करी ना?" आणि वजू करायला उठले. असरची वेळ झाली होती.

असो. बडे अब्बांना आता काही करता येणार नाही. अब्बांना येईल. ते सत्तरीला आलेत, आणि एक दिवस त्यांच्या जनाज्यासमोर उभं राहून ते वाक्य मला बोलायचं आहे. तेव्हा फुफू घरात बायकांमध्ये बसलेली असेल. पुढच्या शनिवारी गावी जाऊन तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफाराच्या नकला काढतोय. अब्बा बोलतील, चिडतील, कदाचित बोलणं बंद करतील. पण ते वाक्य खोटं बोलायची माझी तयारी नाही.