चिकटवही संगणकावर नेताना

या स्मरणिकेच्या तयारीसाठी गेल्या उन्हाळ्यात आम्ही कार्यालयातील लोखंडी कपाट उघडले. वरच्या कप्प्यात शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतील चिकटवह्या होत्या. खाकी कागदाची पाने, डिंकाने चिकटवलेली छायाचित्रे आणि प्रत्येक छायाचित्राखाली शाईने लिहिलेली नावे. डिंक पिवळा पडला आहे, एका वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. तरी नावे आजही वाचता येतात. खालच्या कप्प्यात एक सीडी होती. सुमारे वीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने केलेला शाळेचा पहिला संगणकीय अल्बम तिच्यावर आहे. ती कशीबशी उघडली. छायाचित्रे दिसली, रंगीत चौकटी दिसल्या, कोपऱ्यांतील फुलेही दिसली. मात्र नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा निरर्थक गोंधळ उमटला होता.

त्याच आठवड्यात एक माजी विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन शाळा दाखवायला आले. ते साक्री तालुक्यातील. त्यांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात, म्हणून ते आमच्या वसतिगृहात वाढले. लहानपणाचे एकही छायाचित्र त्यांच्या घरी नाही. त्या अल्बममध्ये त्यांनी स्वतःला ओळखले आणि मुलीला दाखवले. शेजारी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलाचे नाव मात्र त्यांना काही केल्या आठवेना. "गुरुजी, खाली नाव लिहिलेले असेल ना?" त्यांनी विचारले. नाव लिहिलेले होते, पण ते आम्हांला वाचून दाखवता आले नाही. जुना फॉन्ट मिळवून ती नावे परत आणण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे. परंतु ते गृहस्थ त्याच संध्याकाळच्या गाडीने सुरतेला परत गेले.

आता शाळेने सर्व जुन्या चिकटवह्या संगणकावर आणण्याचे आणि यापुढील प्रत्येक वर्षाची चिकटवही संगणकावरच तयार करण्याचे ठरवले आहे. निर्णय योग्यच आहे. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याविषयी मात्र शिक्षकवृंदात आणि माजी विद्यार्थ्यांत बरीच मते आहेत. बहुतेक चर्चा चौकटी किती सुंदर, तयार नमुने किती, काम किती झटपट, याभोवती फिरते. आमचे मत थोडे वेगळे आहे. सॉफ्टवेअर निवडताना आत काय काय आहे हे पाहण्याआधी त्यातून बाहेर पडता येते की नाही, हे पाहावे. प्रोग्राम बदलतील, कंपन्या बदलतील. मुलांची छायाचित्रे आणि त्यांची नावे मात्र त्यानंतरही आपल्या हाती राहिली पाहिजेत.

पहिली कसोटी आमच्या लिपीची. त्या सीडीवर मराठी अक्षरे मराठी म्हणून साठवलेलीच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली होती. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेपर्यंत मराठी दिसे, फॉन्ट गेला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी त्यात युनिकोडमधून चार शब्द टंकित करून पाहावेत: 'विद्यार्थिनी', 'प्रज्ञा', 'वऱ्हाडी', 'शिष्यवृत्ती'. जोडाक्षरे फुटली, पहिली वेलांटी भलत्या जागी गेली किंवा रफार हरवला, तर ते सॉफ्टवेअर इतर बाबतींत कितीही गुणी असले तरी आपल्या कामाचे नाही. अक्षरे मुक्त परवान्याची असावीत. 'मुक्त' किंवा 'नोटो' यांसारखे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि ते फाइलसोबत जपून ठेवता येतात. शिवाय पानावरची सगळी नावे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये वेगळी लिहून ठेवावीत, कारण पीडीएफमधून मराठी मजकूर परत काढताना तो अनेकदा विस्कटतो.

दुसरी कसोटी बाहेरच्या दाराची. संगणकाच्या जगात कायमचे काही नाही, हे गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिले आहे. असंख्य घरांतील छायाचित्रे ज्यात लावलेली होती तो गूगलचा पिकासा २०१६ साली बंद झाला. अ‍ॅडोबी फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला आणि त्यावर बेतलेले हलते-बोलते अल्बम नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. गूगल फोटोजमधील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून थांबली. या कंपन्यांनी आपल्याला फसवले असे आमचे म्हणणे नाही. दुकान चालवणारा दुकान बंद करू शकतो, एवढाच याचा अर्थ. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक पान पीडीएफ म्हणून आणि प्रत्येक छायाचित्र जेपीजी किंवा टिफ म्हणून पूर्ण आकारात बाहेर काढता आले पाहिजे. दीर्घकाळ जतन करण्यासाठी पीडीएफचाच 'पीडीएफ-ए' नावाचा प्रमाणित प्रकार २००५ पासून उपलब्ध आहे; तो मिळत असेल तर उत्तम.

याबाबत आपल्याच मुलखातील एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज चित्रकाराची कबर आहे. १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतील बुद्धचरित्राच्या आणि जातककथांच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगी प्रतिकृती करण्यात या माणसाची अनेक वर्षे गेली. त्या लंडनला पाठवल्या गेल्या, तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळून गेल्या. पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. पुस्तकाच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी असल्यामुळे ती आजही पाहायला मिळतात. एकाच माणसाच्या कामातील जे एकाच जागी होते ते बहुतेक गेले, आणि ज्याच्या प्रती झाल्या ते उरले. आपली चिकटवही एखाद्या कंपनीच्या एकाच खात्यात ठेवणे म्हणजे ती एकाच इमारतीत ठेवण्यासारखे आहे.

तिसरी कसोटी आपल्या ऐपतीची. आमच्या संगणक कक्षातील यंत्रे जुनी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, इंटरनेटचेही तसेच. ज्या सॉफ्टवेअरला प्रत्येक क्लिकसाठी इंटरनेट लागते किंवा ज्याचे भाडे दरवर्षी भरावे लागते, ते अशा शाळेचा आधार होऊ शकत नाही. एखाद्या वर्षी देणग्या कमी आल्या आणि वर्गणी भरली गेली नाही, तर त्या वर्षापुरते धान्य उसने आणता येते. कुलूप पडलेली पाने उसनी आणता येत नाहीत. म्हणून आमचा कल मुक्त सॉफ्टवेअरकडे आहे. छायाचित्रांवरील डाग काढणे, फिके रंग सुधारणे यासाठी गिंप. छायाचित्रांची वर्षवार मांडणी करून त्यांना नावे जोडण्यासाठी डिजिकॅम. मुलांनी स्वतः पाने रचण्यासाठी लिब्रेऑफिसमधील इंप्रेस. आणि छापखान्याकडे पाठवायच्या अंतिम पानांसाठी स्क्रायबस. हे चारही विनामूल्य आहेत, विनाइंटरनेट चालतात आणि देवनागरी नीट दाखवतात. स्क्रायबसची १.६ पूर्वीची स्थिर आवृत्ती मात्र घेऊ नये. तिला जोडाक्षरे जमत नाहीत.

या मताला विरोध आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. कॅनव्हासारख्या ठिकाणी तयार नमुना घेऊन तासाभरात देखणे पान होते. स्क्रायबस शिकायला आठवडे लागतात, मग शिक्षकांनी शिकवायचे केव्हा, असे एका तरुण शिक्षिकेने बैठकीत विचारले. प्रश्न खरा आहे. आमचे उत्तर असे की, स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका, जयंतीचे भित्तिपत्रक यांसाठी झटपट साधन खुशाल वापरावे. त्यांचे आयुष्य आठवडाभराचे असते. चिकटवहीची मूळ प्रत मात्र तेथे राहू नये. आणि शिकण्याचे म्हणाल, तर नववीच्या मुलामुलींनी इंप्रेस दोन दिवसांत आत्मसात केले. स्क्रायबस दोन शिक्षकांनी शिकले तरी शाळेला पुरते.

चौथी कसोटी सर्वांत नाजूक आहे. चिकटवहीत मुलांचे चेहरे आहेत. ती आंतरजालावर चढवणे सोपे, परत उतरवणे जवळजवळ अशक्य. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता तरी ही गोष्ट आम्हांला पाळावी लागली असती. वसतिगृहातील मूल म्हटले की फाटका सदरा, पुढे केलेले ताट आणि मदतीची वाट पाहणारे डोळे, असे छायाचित्र काढण्याची सवय बाहेरच्या जगाला आहे. आमच्या चिकटवहीत ते असू नये. कबड्डीच्या मैदानावर धुळीने माखलेली, वंदनेसाठी रांगेत बसलेली, प्रयोगशाळेत चंचुपात्र हाती धरलेली मुले तिथे असावीत. आणि आपले कोणते छायाचित्र लावायचे हे त्या मुलाला विचारले जावे. म्हणून असे सॉफ्टवेअर हवे, ज्यात पाने आपल्याच संगणकावर राहतात आणि कोणाला दाखवायची ते आपण ठरवतो.

हे सर्व एवढ्या काटेकोरपणे कशासाठी, असे कोणी विचारील. खानदेशाला कागद जपण्याची परंपरा नाही असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ १९२७ पासून तेथे जुनी दप्तरे सांभाळत आहे. परंतु त्या काळी दप्तर असायचे ते राजाचे, सरदाराचे, मठाचे. शेतमजुराचे, ऊसतोड कामगाराचे दप्तर कोणी लिहिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याच्या न्यायालयात कामासाठी आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. त्या वास्तव्याची आठवण लोकांनी आपल्या पायांनी जपली. आजही दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसे तिथे जमतात. लिहिण्याची साधने हाती नसलेल्या समाजाने स्मरण असेच टिकवले. आज साधने हाती आहेत. आता आमच्या हलगर्जीपणाने नावे पुसली गेली, तर दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

व्यवस्थापन समितीला आमची विनंती थोडक्यात अशी. जुन्या वह्यांतील प्रत्येक छायाचित्र इंचाला ६०० बिंदूंवर स्कॅन करावे आणि मूळ वह्या टाकून देऊ नयेत. नवी छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या छायाचित्रासारखी मागवू नयेत, कारण तिथे ती दाबली जाऊन तपशील हरवतो. ती केबलने किंवा पेनड्राइव्हने घ्यावीत. ज्या दिवशी छायाचित्र काढले त्याच दिवशी डावीकडून उजवीकडे सर्वांची पूर्ण नावे, गाव आणि इयत्ता लिहून ठेवावी. प्रत्येक वर्षाच्या चिकटवहीच्या तीन प्रती असाव्यात: एक शाळेच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक शाळेबाहेर, जळगाव किंवा धुळे शहरातील एखाद्या विश्वस्ताच्या घरी. त्या वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. आणि एक छापील प्रत ग्रंथालयात असावी, जी कोणतेही मूल वीज नसतानाही उघडू शकेल.

माजी विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे आहे. तुमच्याकडे शाळेतील एखादे छायाचित्र असेल, तर ते घेऊन या. आम्ही स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देऊ. सोबत जेवढी आठवतील तेवढी नावे सांगा. त्या खांद्यावर हात ठेवलेल्या मुलाचे नाव तुमच्यापैकी कोणाला तरी नक्की ठाऊक असेल. ते कळताच आम्ही सुरतेला फोन करणार आहोत.