रेड ही सावडच आहे, पण पीक दुसऱ्याच्या घरी जातं



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पोळा जवळ आला की आपल्या या पानावर सावडीच्या आठवणी सुरू होतात. कोणाच्या वाड्यात किती बैलजोड्या होत्या, इर्जिकीच्या दिवशी पंगतीला काय असायचं, पैनगंगेच्या काठची गावं पेरणी कशी चार-पाच दिवसांत उरकायची. वाचायला छान वाटतं. पण शेवटची ओळ बहुतेक वेळा ठरलेली असते: "आजची पोरं मात्र मोबाईलात डोकं घालून एकटी बसतात." माझं भांडण या ओळीशी आहे. त्यातही 'एकटी' या शब्दाशी.

तुमच्या घरातला पोरगा शुक्रवारी रात्री माडीवर बसून फोनवर "थांब थांब, आधी तू जा, राहिलेलं मी पाडतो" असं ओरडत असेल, तर तो एकटा नाही. तो वीस-पंचवीस जणांत आहे आणि त्या लोकांचं त्याच्यावाचून अडतं. याला ती पोरं 'रेड' म्हणतात. मी म्हणतो ही सावड आहे. सावड आहे म्हणूनच ती एवढी ओढते. आणि तिच्यात जी लबाडी आहे ती सावड पाहिलेल्या आपल्या पिढीलाच सगळ्यात आधी दिसायला हवी होती. आपण मात्र फोनला शिव्या देतो आणि मोकळे होतो.

आधी रेड म्हणजे काय ते सांगतो, कारण घरोघरी यावर वाद होतात आणि वाद घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी खेळ पाहिलेलाच नसतो. मी दोन शनिवार-रविवार पुतण्याच्या शेजारी बसून पाहिला.

१९९९ साली अमेरिकेत एव्हरक्वेस्ट नावाचा इंटरनेटवरचा खेळ आला. त्यातले मोठे ड्रॅगन एकट्यादुकट्याला मरत नसत, म्हणून खेळणारे टोळ्या करून जायला लागले. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला. त्यात 'मोल्टन कोर' नावाच्या गुहेत एका वेळी ४० जण उतरायचे. कामं वाटलेली. राक्षसाचा मार अंगावर घेणारा तो टँक, त्याच्या जखमा भरत राहणारा तो हीलर, बाकीचे मारा करणारे. एखादा चुकीच्या वेळी चुकीच्या जागी गेला तर सगळी टोळी मरायची. त्याला 'वाइप' म्हणतात. वाइप झाला की त्या राक्षसाशी पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे हे सगळं फोनवरच आलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं आणि पुढच्याच महिन्यात आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नवीन जिल्ह्यांची नावं तोंडात बसायच्या आत स्वस्त डेटा तांड्या-गुड्यांपर्यंत पोचला होता. मग चौघांच्या टोळीचं पबजी आलं, २ सप्टेंबर २०२० ला त्याच्यावर बंदी आली, २०२१ मध्ये ते बीजीएमआय नावाने परतलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा बंद, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा चालू. पण रेड म्हणून ठरल्या वारी ठरल्या वेळी चालणारं काम पाहायचं असेल तर क्लॅश ऑफ क्लॅन्स पाहा. एका क्लॅनमध्ये ५० पर्यंत माणसं. २०२२ पासून त्यात 'रेड वीकेंड' आहे: शुक्रवारी दुपारी सुरू, सोमवारी दुपारी बंद. प्रत्येकाला पाच हल्ले, आणि एखाद्या भागाचा शेवटचा घाव तुमचा असेल तर सहावा. एकाने अर्धा भाग पाडला की दुसऱ्याने तिथूनच पुढे सुरू करायचं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. एकाने सोडलेलं तास दुसऱ्याने पुढे न्यायचं. हे आपण कुठे पाहिलं आहे?

नव्या पोरांसाठी सावड सांगतो. आपली जमीन काळी. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की दगड. मधे जे दोन-चार दिवस वाफसा असतो, तेवढ्यात पेरणी झाली तर झाली. त्या दिवसांत सगळ्या गावाची घाई एकदमच. ज्याच्याकडे एकच बैल, त्याने काय करायचं? तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवायचा. आज सगळे तुझ्या वावरात, उद्या माझ्या. तिफण कोण धरणार, पोरांनी काय करायचं, भाकरी कोण आणणार, सगळं ठरलेलं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझं काम होतं पाण्याची घागर. फार मोठं काम नव्हतं. पण मी नसलो की "पाणीवाला कुठं गेला रे?" म्हणून हाक यायची. नाव घेऊन हाक येणं ही काय चीज असते, ते मला आजही आठवतं.

आता तुमच्या घरातल्या अठरा वर्षांच्या पोराला विचारा, शेवटची अशी हाक त्याला कधी आली. शेतात ट्रॅक्टर आहे. लग्नात केटरिंग आहे. गावच्या सप्त्यात पारायण, पंगत, हिशेब सगळं साठीच्या वरच्या मंडळींकडे. पोरांकडे सतरंज्या उचलणं. गणपती मंडळात पावती पुस्तक हाती मिळालं तर नशीब. त्याच्या नसण्याने कोणाचं काही अडत नाही. रेडमध्ये अडतं. तिथे सतरा वर्षांच्या पोराला 'एल्डर' करतात, शब्दश: वडीलधारा! आपण त्याला घरात पाव्हण्यांसमोर पाणी द्यायला सांगतो, आणि तिकडे तो रात्री तीस जणांना कामं वाटून देतो.

आपल्या सीमेवरच्या मराठी घरांना तर हे जास्तच लागू आहे. १९५६ ला राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपल्या पोरांना दोन्हीकडे खुलासा द्यावा लागतो. हैदराबादच्या होस्टेलात "तुम महाराष्ट्र से हो क्या?" आणि नागपूर-पुण्यात "तुम्ही तेलुगू का?" घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. चारही येतात आणि चारही ठिकाणी तो थोडा बाहेरचा. क्लॅनमध्ये त्याला कोणी हे विचारत नाही. वेळेवर येतो का आणि सांगितलेलं काम करतो का, एवढंच पाहतात. पुतण्याच्या टोळीत वरंगलचा एक, यवतमाळचे दोघे, आणि आपल्याच गल्लीतून नोकरीसाठी पांगलेले चुलत-मावस भाऊ आहेत. दिवाळीला चार दिवस भेटणारी ही भावंडं दर शुक्रवारी एकत्र येतात. हे वाईट आहे असं मला कोणी पटवून द्यावं.

आता दुसरी बाजू. ती पण मी पाहिली.

रेडमध्ये जेवढी मजा, तेवढा मनस्ताप. तासभर वाट पाहायची, कारण एकाचं नेट गेलं. दहा जणांनी नीट केलेलं काम अकराव्याने उतावीळपणे बिघडवायचं. वर शिव्यागाळी, आई-बहिणीवरून. आणि लुटीच्या वाटणीची भांडणं तर पहिल्यापासून आहेत. ड्रॅगन मेला की चांगली तलवार एकच पडायची आणि मारणारे चाळीस. मग त्या जुन्या टोळ्यांनी 'ड्रॅगन किल पॉइंट्स' नावाची वही काढली: जो जास्त वेळा हजर, त्याचा हक्क आधी. आपल्या सावडीत बैलाचे दिवस मोजायचे, तसंच हे. माणसं कुठलीही असोत, चार जण मिळून कामाला लागले की हिशेबाची वही निघतेच.

पण इथून पुढे सावड आणि रेड वेगळ्या होतात, आणि माझा खरा आरोप इथे आहे.

सावडीला शेवट होता. पेरणी संपली की सुटलो. रेडला शेवट नाही. सोमवारी संपली की शुक्रवारी पुन्हा तीच. सावडीत फेड होती. तुझे दोन दिवस माझ्यावर आहेत, ते मी फेडणार, आणि पीक आलं तर ते तुझ्या घरात येणार. रेडच्या पिकाचं काय? पुतण्याने महिनोन्‌महिने जमवलेली पदकं, तटबंदी, सगळं कंपनीच्या खात्यावर. कंपनीने नियम बदलला की कालची कमाई आज निम्मी. २ सप्टेंबर २०२० ला पोरांना हे कळलंच होतं. बंदी सरकारने घातली, पण हाती काय उरलं ते सगळ्यांनी पाहिलं.

आणि सावडीत माफी होती. घरात मयत झालं, पोरगं आजारी पडलं, बैल बसला, तर गाव उलट तुझं वावर पेरून द्यायचं. पुतण्याचा एक मित्र आजोबांच्या तेराव्याला गावी गेला. त्याचे पाच हल्ले राहिले. परत येऊन पाहतो तर टोळीतून काढलेला. कोणी विचारलंही नाही. तो पोरगा आजोबांसाठी रडला नव्हता, त्या दिवशी रडला असं त्याची आई सांगत होती. आणि आपण हसलो: "गेमसाठी रडून राहिला म्हणे!" गेमसाठी नव्हे हो. वाळीत टाकलं म्हणून. वाळीत टाकणं काय असतं हे आपल्या गावांना शिकवायची गरज नाही.

हे आपोआप होत नाही. ठरावीक वार, मोजके हल्ले, कोणी किती केले त्याची सगळ्यांना दिसणारी यादी: ही रचना आहे. तिच्यामुळे कंपनीला पोराला बोलवावं लागत नाही, त्याचे मित्रच बोलावतात. मुकादम ठेवायला पैसे लागतात. इथे टोळीची शरम फुकटात मुकादमी करते. शब्द पाळावा, साथीदाराला तोंडघशी पाडू नये, हे तर आपणच पोरांना शिकवलं. त्या चांगल्या सवयीवर कोणीतरी आपला धंदा उभा केला आहे. राग यायचा तर याचा यावा.

कायदा इथे पुरत नाही. तेलंगणाने २०१७ लाच ऑनलाइन रमी बंद केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं, त्या नादात घरं बसली होती. पण रेडमध्ये पैज नाही. तिथे डावावर लागते ती रात्रीची झोप आणि चारचौघांतली पत, आणि ती मोजणारा कायदा नाही. चीनने २०२१ मध्ये अठराच्या आतल्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ठरवून दिला. घड्याळ लावता येतं. पण पोराला हाक मारणारं दुसरं कोण, हा प्रश्न घड्याळाने सुटत नाही.

आणि सरसकट 'व्यसन' म्हणणाऱ्यांनो, थोडं जपून. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे हे खरं. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान दिसूनही खेळ चालूच, आणि हे साधारण वर्षभर, एवढं पाहावं लागतं. तसं दिसलं तर डॉक्टरकडे न्या, लाजू नका. पण शुक्रवारी रात्री दोन तास टोळीत बसणारा, सकाळी कॉलेजला जाणारा पोरगा रोगी नाही.

मग करायचं काय? रेड चालू असताना फोन हिसकावू नका. त्या क्षणी तुम्ही वीस जणांना दिलेला त्याचा शब्द मोडता, आणि मग 'शब्द पाळावा' हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? आधी विचारा: किती वाजता संपते, तुझं काम काय, तू नसलास तर कोण करतो. वेळ दोघांनी मिळून ठरवा आणि ठरली ती दोघांनी पाळा.

पोरांनो, तुम्हालाही सांगतो. तुम्ही लीडर, को-लीडर आहात न? मग सावडीचे नियम लावा. परीक्षा, आजारपण, मयत यांत गैरहजेरी माफ. घरच्यांवरून शिवी दिली तर तो बाहेर. महिन्यातून एक शुक्रवार टोळी बंद. कंपनी हे नियम करणार नाही, पण तुमच्या क्लॅनमध्ये कोणाला काढायचं हे बटण तुमच्याच हातात आहे.

आणि वडीलधाऱ्यांनो, या वर्षीच्या सप्त्याची पंगत पोरांच्या हाती द्या. सतरंज्या नव्हे, पंगत. किती पात्रं, किती धान्य, कोण वाढणार, हिशेब कोणाकडे, सगळं. चुकतील थोडं, भात कमी पडेल एखाद्या दिवशी. पण पन्नास माणसांना वेळ लावून कामं वाटायची त्यांना सवय आहे, ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. आमच्या गावची बैठक पुढच्या रविवारी आहे. मी हे तिथे मांडणार आहे. तुमच्या गावात कोण मांडतो ते कळवा.